न भरणाऱ्या जखमेवर हायड्रोजेल: ट्यूब उघडण्याआधी काय, नंतर काय

मधुमेही माणसाच्या तळपायाला जखम होते, महिना उलटला तरी भरत नाही आणि मग एक दिवस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हायड्रोजेल लिहून येतं. घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी, ते मेडिकलमधून आणतं आणि त्या दिवसापासून ड्रेसिंग तिच्या गळ्यात पडतं. हा लेख तिच्यासाठी आहे. नुकत्याच कामाला लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनाही तो चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हायड्रोजेल ही चांगली वस्तू आहे, पण तिची पाळी पाचव्या पायरीवर येते. आधीच्या चार पायऱ्या गाळून जेल थापत बसलात तर महागाची ट्यूब संपेल, जखम तिथेच राहील आणि नाव मात्र जेलचं खराब होईल.

जेल म्हणजे नेमकं काय

सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण धरतं. दाण्याच्या सालीतल्या लांबलचक साखळीसारख्या रेणूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. जखमेच्या जेलमध्येही हाच प्रकार आहे, फक्त तो कारखान्यात, निर्जंतुक करून केलेला. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जागोजाग जोडल्या की त्यांचं जाळं होतं. ते पाणी पिऊन फुगतं, पण स्वतः विरघळून जात नाही.

१९६० साली चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम या दोघांनी अशी जेलं शरीराच्या संपर्कात वापरता येतील, असं ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. जखमेसाठी जेलच्या चकत्या करण्याचं काम पुढे पोलंडमध्ये यानुष रोसियाक यांनी किरणांच्या मदतीने केलं. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून भाजलेल्या आणि इतर जखमांसाठी असं जेल तयार केलं. किरणांचा फायदा असा की साखळ्या जोडणं आणि जंतू मारणं ही दोन्ही कामं एकदमच होतात, आणि जोडणीसाठी वेगळं रसायन न घातल्यामुळे त्याचे अंश मागे राहण्याची भीती नसते.

तुमच्या हातात बहुधा तीनपैकी एक प्रकार येईल: ट्यूबमधलं पातळसर जेल, कापडासारखी जेलची शीट किंवा जेल भरलेलं गॉज. ट्यूबमधल्या एका जुन्या, नावाजलेल्या जेलमधले घटक बघा: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या जातीचं पॉलिमर २.३ टक्के, प्रॉपिलीन ग्लायकॉल २० टक्के आणि उरलेलं सगळं पाणी. म्हणजे पैसे मोजता ते मुख्यतः पाण्याचे, पण जागेवर टिकून राहणाऱ्या आणि हळूहळू सुटणाऱ्या पाण्याचे.

मेडिकलमध्ये नुसतं ‘जेल द्या’ म्हणू नका. दुखण्यावर चोळायचं जेल, बधिर करायचं जेल, सोनोग्राफीचं जेल, सगळी शेजारी-शेजारी असतात. चिठ्ठी दाखवा आणि ‘जखमेवर लावायचं, निर्जंतुक’ हे शब्द वापरा. भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीमही हायड्रोजेल नव्हे. दारातल्या कोरफडीचा गर जेलसारखा दिसतो खरा, पण तो निर्जंतुक नसतो. उघड्या जखमेत तो घालू नका.

‘खपली धरू दे’ या सल्ल्याचं काय करायचं

जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, सुकू दे, खपली धरू दे, हा सल्ला प्रत्येक घरात एक तरी माणूस देणारच. गुडघ्यावरच्या खरचटण्याला तो चालून जातो. महिनाभर रेंगाळलेल्या जखमेचं मात्र त्याने नुकसान होतं.

१९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ पॉलिथीनने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली. कारण सरळ आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून मध्याकडे सरकत येतात. वर कोरडी खपली असेल तर त्यांना खपलीखाली खोल, जिथे ओल आहे तिथून वाट काढावी लागते. पृष्ठभाग ओला असेल तर त्या सरळ वरून सरकतात.

मुंबईत हे तत्त्व स्वस्तात वापरून दाखवलेलं आहे. परळच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे बदलताना रुग्ण कळवळत नाही. हे सगळं निर्जंतुक करून, रुग्णालयात आणि भाजलेल्या जखमांवर झालेलं काम आहे. मधुमेहाच्या जखमेवर घरी परसातलं पान बांधायला हा परवाना नाही.

पायरी १: पायात रक्त पोहोचतंय का

जेल लावण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. रक्त पोहोचत नसेल तर वरून काहीही लावा, जखम भरायला माल कुठून येणार?

डॉक्टर पायाच्या नाड्या हाताने बघतील. मग घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतील. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय येतो. मधुमेहात एक घोळ असतो: रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक झालेल्या असल्या तर आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्याही वर जातो. त्यामुळे ‘आकडा जास्त आला, म्हणजे छान’ असं समजू नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब किंवा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) बघायला सांगतात. तुम्ही फक्त एवढं विचारा: ‘डॉक्टर, पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

बोट काळं पडून कडक, सुकल्यासारखं झालं असेल तर त्यावर जेल लावायचं नाही. कोरडं गँगरीन ओलं केलं की त्यात जंतू शिरतात आणि आजवर बोटापुरतं असलेलं प्रकरण पायावर जातं. टाचेवरच्या काळ्या, कोरड्या, घट्ट बसलेल्या पापुद्र्याचंही तेच. रक्तपुरवठ्याचा निकाल लागेपर्यंत तो कोरडाच ठेवतात.

जखम कुठे आहे त्यावरूनही जात कळते. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, कडेने घट्टा धरलेली आणि न दुखणारी जखम बहुधा नसा बधिर झाल्याची. घोट्याच्या आतल्या बाजूला, काळपट-तपकिरी कातडीतली, पाणी गळणारी जखम बहुधा अशुद्ध रक्ताच्या शिरांची. तिथे मुख्य उपचार म्हणजे दाबाची पट्टी, आणि तीही पायाचा रक्तपुरवठा तपासल्यावरच. कंबरेखाली किंवा टाचेवर अंथरुणाने पडलेली जखम असेल तर कूस बदलणं हाच अर्धा इलाज. यापुढे मी मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहिते आहे. घरोघरी सापडतो तो हाच.

वर्षानुवर्षं असलेली, कडा उचललेली, सहज रक्त येणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासायला सांगतील. तिथे कर्करोग नाही ना, याची खात्री करून घेतात. घाबरू नका, पण टाळूही नका.

पायरी २: जखमेवरचा भार काढा

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी ही. कारण साधं आहे: दुखत नाही. दुखत असतं तर माणूस लंगडला असता, पाय उचलून धरला असता. नसा बधिर झालेला माणूस त्याच जखमेवर उभा राहून आंघोळ करतो, देवपूजा करतो, दूध आणायला जातो. प्रत्येक पावलाला जखमेच्या तळाशी तयार होत असलेली कोवळी पेशीजाळी चिरडली जाते. वर जेल कितीही उत्तम असो.

यावरचा सर्वात भक्कम उपाय म्हणजे पायाच्या आकाराशी तंतोतंत बसणारं, गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर. ही पद्धत कुष्ठरोग्यांच्या तळव्यांच्या जखमांसाठी १९३० च्या दशकात सिलोन आणि भारतात सुरू झाली. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती पुढे अमेरिकेत नेली आणि तिथून ती मधुमेहाच्या उपचारात आली. त्यांचं निरीक्षण होतं की कुष्ठरोग्याची बोटं रोगाने झडत नाहीत, न जाणवणाऱ्या इजांनी झिजतात. मधुमेही पायाला ते शब्दशः लागू पडतं.

न काढता येणारं प्लास्टरच का? काढता येणारा बूट दिला की माणूस तो काढतो. ‘घरातल्या घरात तर आहे’ म्हणून काढतो, रात्री बाथरूमला जाताना काढतो. आपल्याकडे घरात चप्पल घालायची नाही हा संस्कार इतका घट्ट आहे की देवघरासमोर तर विचारच नको. मी तर स्पष्ट सांगते: घरात घालायचा वेगळा, स्वच्छ जोड ठेवा आणि देवाला समजेल असं आजोबांना सांगा. नवसाची अनवाणी चाल, वारीत पायताण काढून चालणं, भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा, हे बधिर पायाच्या माणसाने बंद करायचं. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही नको. फोड आल्यावरच कळतं की पाणी किती गरम होतं.

जखमेत संसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर प्लास्टर घालत नाहीत, दुसरी सोय करतात. ते डॉक्टर ठरवतील. अंथरुणात टाचेवर जखम असेल तर उशी टाचेखाली घालू नका, पोटरीखाली घाला, म्हणजे टाच हवेत राहते.

जखमेभोवतीचा घट्टा डॉक्टरांकडून तासून घ्या. तो स्वतःच खड्यासारखा टोचत असतो. घरी ब्लेड लावू नका आणि कुरूप घालवायच्या पट्ट्याही चिकटवू नका. त्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं.

पायरी ३: साखर, संसर्ग आणि ताट

रक्तातली साखर सतत वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. जखम आहे तोवर इन्सुलिन घ्यायला सांगितलं तर ‘एकदा लागलं की सुटत नाही’ या भीतीने हुज्जत घालू नका.

जेल म्हणजे अँटिबायोटिक नव्हे. संसर्ग पसरत असेल तर ती जखम झाकून ठेवायची वेळ नसते. खालीलपैकी काही दिसलं तर ड्रेसिंग करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा:

- जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरपेक्षा लांब पसरलेली लाली किंवा पावलावर चढत जाणारी सूज
- पू, नवा घाण वास, आत बोट जाईल अशी पोकळी किंवा हाड दिसणं
- ताप, थंडी, किंवा खाण्यात काही फरक नसताना अचानक चढलेली शुगर
- आजवर न दुखणारा पाय एकाएकी दुखायला लागणं

शेवटची खूण लोक चुकवतात. बधिर पाय दुखतो तेव्हा आत काहीतरी मोठं चाललेलं असतं.

उलट, संसर्गाची लक्षणं नसताना ‘खबरदारी म्हणून’ गोळ्या घेऊ नका. उघड्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच; नुसता स्वॅब (जखमेवरून पुसून घेतलेला नमुना) पॉझिटिव्ह आला म्हणजे औषध हवंच असं नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र विचारून घ्या.

आता ताट. ‘आंबट खाल्लं की पू होतो’ असं म्हणून दही बंद, वांगं बंद, अंडं उष्ण म्हणून बंद, डाळ वातूळ म्हणून कमी, असं करत करत रुग्णाच्या पानात भात आणि फोडणीचं पाणी उरतं. नवी पेशीजाळी प्रथिनांची बनते. न भरणारी जखम असलेल्याला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. तंबाखू आणि बायकांची मिश्री दोन्ही बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मग तो धुरातून जावो की हिरड्यांतून.

पायरी ४: धुणं

हात साबणाने धुवा, ग्लोव्हज घाला. जुनं ड्रेसिंग सुकून चिकटलं असेल तर ओढू नका. सलाइन ओतून भिजू द्या, मग सुटेल. ओढलं तर आठवडाभर जमलेली कोवळी जाळी गॉजबरोबर निघून येते.

मग साध्या सलाइनने, हलक्या धारेने जखम धुवा. सलाइन म्हणजे १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्यात कसलीही जादू नाही, पण बाटलीतलं निर्जंतुक असतं. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवसापलीकडे वापरू नका. फ्रिजमधली गार बाटली तशीच ओतू नका. थंड झालेल्या जखमेतल्या पेशी काही काळ कामच करत नाहीत. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल यांना सुट्टी द्या. पेरॉक्साइडचा फेस बघून जखम साफ झाल्याचं समाधान मिळतं, पण त्यात नव्या पेशीही मरतात. हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट यांबद्दल वेगळं लिहायला नको.

तळाशी काय दिसतं ते नीट बघा. लालबुंद, दाणेदार, ओलसर असेल तर उत्तम, ती भरणारी जाळी. पिवळट, चिकट थर असेल तर त्याला आमच्याकडे स्लफ म्हणतात. तो मेलेल्या पेशींचा लगदा. जाड थर डॉक्टर कापून काढतात. उरलेला पातळ थर मऊ करून शरीराच्याच रसायनांना तो विरघळवू देणं, हे जेलचं खरं काम. तुम्ही चिमट्याने ओरबाडू नका.

पायरी ५: आता जेल

आधी जखमेची ओल बघा. काढलेलं जुनं ड्रेसिंग कोरडं किंवा जेमतेम ओलसर असेल, तळ सुकलेला किंवा स्लफने झाकलेला असेल, तर जेल योग्य. ड्रेसिंग चिंब भिजून बाहेर पाझर येत असेल तर जेल नको. तिथे आधीच पाणी जास्त आहे. पाणी शोषणारं फोमचं किंवा अल्जिनेटचं ड्रेसिंग लागेल. ही निवड दर वेळी करायची आहे. महिन्याभरापूर्वी योग्य असलेलं ड्रेसिंग आज योग्य असेलच असं नाही.

कडेच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्या. जेल तिथवर ओघळलं तर कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली होते आणि जखम त्या बाजूला पसरते. मग जखमेच्या तळावर साधारण ५ मिलिमीटर जाडीचा जेलचा थर द्या. खोलगट भाग हलक्या हाताने भरा, कोंबू नका. ट्यूबचं तोंड जखमेला लागता कामा नये. लागलं तर ती ट्यूब गेली. एकदाच वापरायची ट्यूब असेल तर उरलेलं जेल ‘वाया जातं’ म्हणून ठेवू नका. ज्या ट्यूब पुन्हा वापरता येतात त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. एकाच घरातल्या दोघांना एक ट्यूब कधीच नाही.

नवख्यांचा सगळा खेळ बिघडतो तो यानंतर. जेलवर कोरडं कापसाचं पॅड किंवा सुकं गॉज ठेवलं जातं. ते जेलमधलं पाणी पिऊन टाकतं आणि संध्याकाळपर्यंत खाली वाळलेला पापुद्रा उरतो. जेलवर आधी न चिकटणारा थर हवा: पॅराफिनची जाळी, पारदर्शक फिल्म किंवा फोम. त्यावर गॉज, त्यावर बँडेज. बँडेज घट्ट आवळू नका. बधिर पाय तक्रार करणार नाही. वर पेनाने तारीख आणि वेळ लिहा.

शीट असेल तर प्लास्टिकचं आवरण कुठल्या बाजूचं काढायचं ते वाचा. जखमेच्या कडेबाहेर ती थोडीच जावी. शीट फ्रीझरमध्ये ठेवू नका.

रोज उघडायची सवय सोडा. संसर्ग नसलेल्या जखमेवर जेल १ ते ३ दिवस राहू शकतं. तुमच्या जेलचा आणि जखमेचा नेमका काळ डॉक्टर सांगतील. पाझर बाहेर आला, वास आला किंवा बँडेज सुटलं तर अर्थातच लगेच बदला.

उघडल्यावर पिवळट, बुळबुळीत ऐवज दिसला की घरात हलकल्लोळ होतो: ‘पू झाला!’ जेल दोन दिवसांत स्लफ आणि पाझर ओढून घेतं आणि नेमकं असंच दिसतं. आधी धुवा, मग ठरवा. धुतल्यावर तळ लाल आणि कडा शांत असतील तर तो पू नव्हता. पहिल्या आठवड्यात जखम थोडी मोठीही दिसू शकते, कारण स्लफखाली लपलेला भाग उघडा पडतो. लावल्यावर बराच वेळ चुरचुरत असेल, कडेला खाज किंवा पुरळ येत असेल तर जेलमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा त्रास असू शकतो. जेल बदलून मागा.

पायरी ६: मोजा

दर आठवड्याला, एकाच दिवशी, धुतल्यावर जखमेची सर्वात मोठी लांबी आणि तिच्याशी काटकोनात रुंदी कागदी पट्टीने मोजा, गुणाकार करा, वहीत लिहा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. ४ गुणिले ३ म्हणजे १२ चौरस सेंटिमीटरने सुरुवात झाली असेल तर चार आठवड्यांनी ती ६ च्या आसपास यायला हवी. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मं झालं तर १२ आठवड्यांत जखम बंद होण्याची शक्यता चांगली असते. तेवढं झालं नाही तर ‘आणखी थोडे दिवस बघू’ म्हणू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या पायरीपासून परत तपासायला सांगा. बहुतेक वेळा कुठेतरी भार पडत असतो.

जेलवरच्या पुराव्याचंही खरं सांगायला हवं. मधुमेहाच्या पायाच्या जखमांवरच्या चाचण्यांच्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) साध्या गॉजपेक्षा हायड्रोजेलने जास्त जखमा भरल्याचं दिसलं, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. म्हणून पाझर, आराम आणि खर्च बघून ड्रेसिंग निवडा, हाच व्यवहारी मार्ग. दहापट किमतीचं जेल दहापट लवकर बरं करत नाही.

औषध भरलेली जेलं आणि ‘नवी त्वचा’

काही जेलं नुसती ओल देत नाहीत, औषध पोहोचवतात. चांदीचे कण असलेली जेलं जंतूंसाठी. ती ठरावीक दिवसांपुरती वापरतात, कायम नाही. वाढीचे घटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, असलेली जेलं वेगळी. बेकाप्लर्मिन या औषधाला अमेरिकेत १९९७ साली मधुमेहाच्या पायाच्या जखमेसाठी मान्यता मिळाली. तेही सेल्युलोजच्या जेलमध्येच असतं आणि २ ते ८ अंश सेल्सियसला फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आपल्याकडे भारत बायोटेकचं ईजीएफ हा असाच वाढीचा घटक असलेलं जेल मिळतं. ही जेलं स्वच्छ, लाल तळाच्या जखमेसाठी आहेत. न भरणाऱ्या जखमेच्या पाझरात प्रथिनं तोडणारी विकरं वाढलेली असतात. स्लफवर लावलेला महागडा घटक ती खाऊन टाकतात.

मग खरी त्वचा परत येते का? भरलेली जखम म्हणजे व्रण. त्यात केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. अमेरिकेत १९९८ पासून मान्यता असलेल्या एका उत्पादनात कोलॅजेनच्या जेलमध्ये जिवंत मानवी पेशी वाढवलेल्या असतात. ते उत्पादन जखमेला चालना देतं, पण तेही केसांसकट कातडी देत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तात्याना सेगुरा, फिलिप स्कंपिया आणि सहकाऱ्यांनी बारीक गोळ्यांचं सच्छिद्र जेल उंदरांच्या जखमेत भरलं. गोळ्या जोडणाऱ्या दुव्यांत आरशातल्या प्रतिमेसारखी उलट घडणीची अमिनो आम्लं घातली होती. त्याने उंदरांची प्रतिकारशक्ती जागी झाली आणि भरलेल्या जागेत केसांची मुळं दिसली. काम सुंदर आहे, पण ते उंदरांवरचं.

मोबाइलवर ‘जखम काही दिवसांत गायब करणारं जेल’ अशी बातमी आली की दोन गोष्टी बघा: प्रयोग कोणावर झाला, आणि जखम कसली होती. उंदराची कातडी खालच्या स्नायूसकट आक्रसते आणि जखम बरीचशी ओढून बंद करते. माणसाची तशी होत नाही. शिवाय निरोगी उंदराला काल केलेली जखम आणि पंधरा वर्षांच्या मधुमेह्याची तळव्यावरची जखम, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बंद झाल्यावर

जखम बंद झाली की जेल थांबवा. धरलेली कातडी कोवळी असते; पहिले काही आठवडे चालणं हळूहळू वाढवा, एकदम बाजारहाट नको. पायाच्या मापाने मायक्रोसेल्युलर रबराचा तळ घातलेली चप्पल किंवा बूट करून घ्या, मागे पट्टा असलेला. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका, खडा असला तर पडेल. कोरड्या कातडीला तेल किंवा व्हॅसलीन लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नाही. भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते, त्यामुळे रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, आणि नजर कमी असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून. लालसर डाग किंवा नवा घट्टा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा.